तेलाची कुपी आणि दिवाळखोरीचा कायदा



वायेराच्या शब्बाथला तोरा वाचून झाल्यावर जी हफ्तारा वाचतात, ती मेलाखीमच्या दुसऱ्या पुस्तकातील चौथ्या अध्यायापासून सुरू होते. एक विधवा रडत एलीशा नबीकडे येते. तिचा नवरा मरण पावला आहे, त्याचे कर्ज तिच्या डोक्यावर आहे, आणि धनको तिच्या दोन्ही मुलांना गुलाम म्हणून न्यायला आला आहे. पुढे तिच्या घरातल्या तेलाच्या कुपीची गोष्ट येते, ती आपणां सर्वांस ठाऊक आहे. आपले पूर्वज कोकणात घाण्यावर तेल गाळीत आणि शब्बाथला घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांस शनिवार तेली म्हणत. त्यामुळे ही तेलाची गोष्ट लहानपणी आम्हांला अगदी आपल्या घरची वाटे. कुपीतून तेल वाहतच राहिले एवढेच तेव्हा लक्षात राही. या वयात पुन्हा वाचताना जाणवते की ही गोष्ट तेलाच्या आधी कर्जाची आहे, आणि कर्जात बुडालेल्या माणसाने काय करावे हे तिच्यात पायरीपायरीने सांगितले आहे.

धर्माच्या पानावर दिवाळखोरीचा विषय कशाला, असे कोणी विचारील. विचारावा. आमचे उत्तर असे की या न्यूझीलंडमध्ये आपली घरे थोडी, एकमेकांपासून दूर, आणि प्रत्येक घरावर कसले ना कसले कर्ज आहे. घराचे आहे, गाडीचे आहे, क्रेडिट कार्डाचे आहे, कोणाचे दुकानाचे आहे. नोकरी गेली, आजार आला, नवरा-बायको वेगळी झाली, की हप्ते थकतात. अशा वेळी आपल्या माणसाला कायदाही माहीत नसतो आणि धर्म काय म्हणतो तेही कोणी सांगत नाही. म्हणून दोन्ही एकत्र मांडण्याचा हा प्रयत्न.

प्रथम त्या विधवेचा नवरा कोण होता ते पाहू. नबीला ती एवढेच सांगते की तो देवाचे भय बाळगणारा होता. आपले जुने धर्मपंडित सांगतात की तो ओबद्या होय. आहाब राजाची राणी ईझेबेल नबींना मारीत सुटली, तेव्हा त्याने शंभर नबी पन्नास-पन्नास करून गुहांत लपविले आणि त्यांना अन्नपाणी पुरविले. त्यासाठी त्याने कर्ज काढले, असे परंपरा म्हणते. म्हणजे पवित्र शास्त्रातला हा ऋणको जुगारी नव्हता, उधळ्या नव्हता. चांगल्या माणसावरही कर्ज येते, आणि ते फेडण्याआधी तो मरूही शकतो. हे ध्यानात घेतले म्हणजे कर्जबाजारी शेजाऱ्याकडे पाहण्याची आपली दृष्टी थोडी तरी बदलावी.

आपल्या भाषेत मात्र दिवाळखोर ही शिवी आहे. जुनी माणसे सांगत की पूर्वी व्यापारी बुडाला म्हणजे पेढीवर भरदिवसा दिवा लावी, आणि त्यावरून दिवाळे हा शब्द आला. शब्द कसाही आलेला असो, दिवसा दिवा लागलेला सर्व बाजाराने पाहावा ही धास्ती आपण इथवर सोबत आणली आहे. दुसरी सोबत आणलेली गोष्ट म्हणजे झाकली मूठ सव्वा लाखाची ही म्हण.

या म्हणीपायी आमच्या हातून एक चूक झाली, ती येथे कबूल करतो. आपल्यातल्याच एका गृहस्थांचे खाण्याच्या पदार्थांचे लहानसे दुकान होते. धंदा बसला. एका घरी मालिद्याचा कार्यक्रम आटोपल्यावर त्यांनी आम्हांस बाजूला घेतले आणि हप्ते झेपत नाहीत असे हळूच सांगितले. आम्ही काय सांगावे? चारचौघांत बोलू नका, झाकली मूठ राहू द्या, देव मार्ग काढील. वर थोडे पैसे उसने दिले आणि आपण मोठे सत्कृत्य केले असे समजून घरी आलो. त्यांनी आमचे ऐकले. एका कार्डाचे पैसे दुसऱ्या कार्डावरून भरले, ते पुरेनात तेव्हा भारी व्याजाचे कर्ज काढले, नातलगांकडून घेतले, आणि शब्बाथला येणे बंद केले. दीड वर्षाने कोर्टाची नोटीस दारात आली. आमच्यापाशी बोलले त्या दिवशी त्यांचे कर्ज पन्नास हजार डॉलरांच्या आत होते. नोटीस आली तेव्हा ते त्याच्या दुपटीवर गेले होते. पन्नास हजारांची ही रेघ इतकी महत्त्वाची का, ते पुढे सांगतो. आमचा सल्ला प्रेमाचा होता, पण तो अज्ञानाचा होता, आणि त्याची किंमत त्यांनी मोजली.

आता नबीकडे वळू. विधवेचे ऐकून एलीशाने तिला दोष दिला नाही, पैसेही दिले नाहीत. त्याने विचारले की तुझ्या घरात काय आहे ते सांग. ती म्हणाली काहीच नाही, आणि मग तिला आठवले की तेलाची एक कुपी आहे. येथल्या कायद्याचा पहिला प्रश्नही हाच आहे. दिवाळखोरीचा अर्ज करताना एक निवेदन भरावे लागते, त्यास स्टेटमेंट ऑफ अफेअर्स म्हणतात. कोणाचे किती देणे, मिळकत किती, खर्च किती, घरात आणि बँकेत काय आहे, हे सर्व त्यात खरेखरे लिहायचे असते. ठाण्याच्या खोलीतला आपला हिस्सा, मुंबईच्या पोस्टातली ठेव, भारतातली विम्याची पॉलिसी, तेही लिहायचे. परदेशातली आहे म्हणून ती मालमत्ता सुटत नाही. विधवेने कुपी लपविली असती तर नबीचा उपाय चालला नसता. लपविणाऱ्याला कायदाही हात देत नाही, उलट तो गुन्हा ठरतो.

न्यूझीलंडमध्ये हे सर्व काम २००६ च्या इन्सॉल्व्हन्सी ॲक्टप्रमाणे चालते. तो २००७ च्या डिसेंबरात अमलात आला. ज्या सरकारी अधिकाऱ्याच्या हाती हा कारभार आहे त्यास ऑफिशियल असाइनी म्हणतात. सामान्य माणसापुढे तीन वाटा आहेत.

पहिली वाट डेट रिपेमेंट ऑर्डरची. तारण नसलेले कर्ज पन्नास हजार डॉलरांच्या आत असेल आणि काही नियमित मिळकत असेल, तर झेपेल एवढा हप्ता ठरवून घेता येतो. एक देखरेख करणारा माणूस नेमला जातो, तो हप्ता घेऊन सर्व धनकोंना वाटतो. मुदत साधारण तीन वर्षांची, खास कारण असल्यास पाचांपर्यंत. २०२० पूर्वी या व्यवस्थेला समरी इन्स्टॉलमेंट ऑर्डर म्हणत, म्हणून जुन्या कागदांत ते नाव आढळेल.

दुसरी वाट नो ॲसेट प्रोसीजर. एक हजारापासून पन्नास हजार डॉलरांपर्यंत कर्ज आहे, विकून पैसा येईल अशी मालमत्ता नाही आणि फेडण्याची ऐपतही नाही, अशांसाठी ती आहे. साधारण एका वर्षाने त्यातली कर्जे माफ होतात. ही सवलत जन्मात एकदाच मिळते, आणि पूर्वी दिवाळखोर झालेल्यास मिळत नाही.

तिसरी वाट दिवाळखोरीची. एक हजार डॉलर किंवा अधिक कर्ज असेल तर माणूस स्वतः अर्ज करू शकतो. धनकोही हायकोर्टात जाऊ शकतो. कोर्टाचा निवाडा हाती असलेला धनको नोटीस बजावतो, आणि दहा कामाच्या दिवसांत पैसे भरले नाहीत तर पुढचा मार्ग त्याला मोकळा होतो. दिवाळखोरी निवेदन दाखल झाल्यापासून तीन वर्षे चालते, आणि कोणाची हरकत नसेल तर माणूस आपोआप मुक्त होतो. पन्नास हजारांच्या पुढे गेलेल्यास पहिल्या दोन्ही वाटा बंद असतात. आमच्या त्या गृहस्थांना म्हणूनच तिसऱ्या वाटेने जावे लागले.

दिवाळखोरीत काय जाते आणि काय राहते हे नीट समजून घ्यावे. घरातला आपला हिस्सा ऑफिशियल असाइनीकडे जातो. त्या तीन वर्षांत वारसा आला तर तोही जातो. मिळकत गरजेपेक्षा जास्त असेल तर तिच्यातून काही भरावे लागते. परदेशी जाण्यास परवानगी घ्यावी लागते, मग लग्न मुंबईला असो की अश्दोदला. कंपनीचा संचालक होता येत नाही, आणि परवानगीवाचून स्वतःचा धंदा करता येत नाही. एक हजार डॉलरांपेक्षा जास्त उधार घ्यायचे तर आपण दिवाळखोर आहोत हे सांगावे लागते. नाव सार्वजनिक नोंदवहीत चढते, आणि मुक्त झाल्यावरही आणखी चार वर्षे तेथे राहते. गाडीवर किंवा घरावर तारण असेल तर तो धनको ती वस्तू नेऊ शकतो. कोर्टाचे दंड, मुलांच्या पोटगीची बाकी आणि फसवणूक करून केलेले कर्ज यांतून सुटका नाही. जोडीने काढलेल्या कर्जात एक जण दिवाळखोर झाला तरी दुसऱ्यावरचे ओझे तसेच राहते. जामीन राहिलेला माणूसही सुटत नाही.

आणि राहते काय? घरातले गरजेचे सामान राहते, अंगावरचे कपडे राहतात, धंद्याची गरजेची हत्यारे राहतात, आणि ठराविक किमतीपर्यंतची गाडी राहते. तारण नसलेल्या कर्जांसाठी धनकोंचा तगादा थांबतो.

ही यादी वाचताना आम्हांस मिशनाची आठवण झाली. अराखीन नावाच्या भागात मंदिराचे देणे चुकवू न शकणाऱ्या माणसाविषयी नियम आहे. त्याची मालमत्ता जप्त करताना त्याच्यापाशी तीस दिवसांचे अन्न ठेवावे, बारा महिन्यांचे कपडे ठेवावे, अंथरलेला बिछाना, पायतण आणि तेफिल्लिन ठेवावे. तो कारागीर असेल तर प्रत्येक प्रकारची दोन हत्यारे ठेवावी. पुढे धर्मशास्त्रींनी हीच मर्यादा सामान्य ऋणकोलाही लावली आणि ती शुल्हान आरूखमध्ये लिहिली गेली. तोरात तर त्याच्याही आधी सांगितले आहे की जाते तारण घेऊ नये, कारण त्यावर त्या घराचे पोट चालते. गहाण घेण्यासाठी धनकोने ऋणकोच्या घरात शिरू नये, बाहेर उभे राहावे. गरिबाचे पांघरूण गहाण असेल तर सूर्य मावळताना परत द्यावे. कर्ज कर्जच आहे, पण त्यासाठी माणसाचे जाते, बिछाना आणि अब्रू घेऊ नये, ही आपल्या तोराची रीत. वेलिंग्टनमधला कायदा करणाऱ्यांनी ती मिशनातून घेतली असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्या गोष्टीची आपल्याला लाज वाटते तिच्यात आपल्याच धर्माची दया दिसते, एवढे नक्की.

तोराने आणखी पुढचे पाऊल टाकले आहे. सातवे वर्ष शमिट्टाचे, आणि त्याच्या शेवटी कर्ज सोडून द्यावे अशी आज्ञा देवारीममध्ये आहे. मागचे शमिट्टाचे वर्ष ५७८२ हे होते, ते २०२२ च्या सप्टेंबरात संपले. माफीचे वर्ष जवळ आले म्हणून मन कठोर करून गरिबाला नकार देऊ नये, असेही तेथे बजावले आहे. तरीही लोक उसने देईनासे झाले, तेव्हा हिल्लेल यांनी प्रोझबुल नावाचा दस्तऐवज काढला आणि वसुलीचा हक्क कोर्टाच्या हाती ठेवला. म्हणजे ऋणकोवर दया हवी आणि धनकोचा विश्वासही टिकला पाहिजे, हा तोल आपल्या ज्ञात्यांनी दोन हजार वर्षांपूर्वी सांभाळला. या देशातही एके काळी कर्जासाठी तुरुंग होता. तो बंद करणारा कायदा १८७४ साली झाला. त्या वेळी येथले पंतप्रधान ज्युलियस व्होगेल हे आपल्याच धर्माचे होते. श्रेय त्यांचे एकट्याचे असे म्हणण्याचा आमचा हेतू नाही, पण तो योग मनाला बरा वाटतो.

मग दिवाळखोरी पाप आहे काय? ऐपत असून न फेडणे हे पाप आहे, यात शंका नाही. भावाच्या नावावर घर करून द्यायचे आणि मग हात वर करायचे, हीही लबाडी. अशा देणग्या कायदा मागच्या दोन वर्षांतल्या, आणि काही परिस्थितीत पाच वर्षांपर्यंतच्या, उलटवू शकतो. आपल्या माणसाचे पैसे गुपचूप आधी चुकते करायचे आणि बाकीच्यांना वाऱ्यावर सोडायचे, हेही चालत नाही. आमच्या गृहस्थांनी अर्ज करण्याआधी आमचे उसने परत आणले होते. तोवर आम्ही चौकशी केली होती, म्हणून ते घेतले नाहीत. आमचे नावही इतर धनकोंच्या रांगेत लिहा, असे सांगितले. लिहिताना त्यांचा हात कापत होता. आमचाही घसा दाटला होता.

परंतु खरेच फेडणे शक्य नसेल आणि सर्व काही उघडे करून माणूस कायद्यापुढे उभा राहिला, तर त्यात पाप नाही असे आमचे मत आहे. शमुएल या तलमूदातल्या पंडिताचे तत्त्व आहे की राज्याचा कायदा तो कायदा, आणि या युगातल्या मोठ्या रब्बींनी ते दिवाळखोरीलाही लावले आहे. मुक्त झाल्यावर कायदा काही मागत नाही. पण पुढे देवाने हात दिला, तर ज्या विधवेने, ज्या नोकरदाराने आपल्याला पोटाला चिमटा घेऊन उसने दिले होते, त्याचे पैसे आपखुशीने द्यावेत. ते आता कर्ज नसेल, पण किप्पूरच्या दिवशी माणूस त्याच्यापुढे मोकळ्या तोंडाने उभा राहील.

आता शेजाऱ्यांकडे येऊ. एलीशाने विधवेला शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणायला सांगितले, आणि थोडी आणू नकोस असे बजावले. शेजाऱ्यांनी काय दिले पाहा. तेल दिले नाही, पैसे दिले नाहीत, रिकामी भांडी दिली. आपण मात्र बुडणाऱ्यास आणखी उसने देतो, किंवा त्याच्याकडे पाठ फिरवितो. दोन्ही चुकीचे. त्याच्यासोबत बसून कागद लावून द्यावेत, ऑफिसात सोबत जावे, मुलांना चार दिवस जेवू घालावे, शब्बाथला गाडीतून आणावे, आणि त्याची गोष्ट मंडळात चघळू नये. ही आपली रिकामी भांडी. जामीन राहण्याबद्दल मिशले या पुस्तकात कडक इशारा आहे, तो वाचल्याशिवाय सही करू नये. भिडेपोटी केलेली सही दुसऱ्याला वाचवत नाही, आपले घरही बुडविते.

तेल ओतताना विधवेने दार लावून घेतले. आपणही दार लावतो, पण आपला क्रम उलटा आहे. ती आधी नबीकडे गेली, मग शेजाऱ्यांकडे गेली, आणि मदत घरात आल्यावर तिने दार लावले. आपण पहिल्याच दिवशी दार लावतो, पत्रे न फोडता कपाटात टाकतो, फोन उचलत नाही. कोणी वाचक आज तसा बसला असेल तर त्याने हे करावे. मनीटॉक्स या मोफत सेवेस ०८०० ३४५ १२३ वर फोन करावा. तेथून हिशेबाला मदत करणारा माणूस मिळतो आणि गोष्ट गुप्त राहते. हप्ते फार थकण्याच्या आधी कर्ज देणाऱ्याला लेखी कळवावे. आजार, नोकरी जाणे, संसार मोडणे अशा अचानक संकटात हप्ते बदलून मागण्याचा हक्क २००३ च्या ग्राहक कर्जांच्या कायद्याने दिला आहे. एक कर्ज फेडायला दुसरे भारी व्याजाचे कर्ज काढू नये. २०२० पासून अशा कर्जांच्या व्याजावर दिवसाला ०.८ टक्क्याची मर्यादा आहे, पण तीही काही दिवसांत गळ्याशी येते. आणि कोणतीही वाट निवडण्याआधी तिन्हींची चौकशी करावी.

आमच्या त्या गृहस्थांची तीन वर्षे संपली. ते आता नोकरी करतात. दुकान गेले, पण स्वयंपाकाची त्यांची हत्यारे राहिली, आणि गेल्या मालिद्याला पोहे त्यांनीच कालविले.

तेल संपल्यावर विधवा पुन्हा नबीकडे गेली. त्याने तिला सांगितले की तेल विकून देणे दे, आणि जे उरेल त्यावर तू व तुझी मुले जगा. देण्यानंतर माणसाला जगण्यापुरते उरले पाहिजे, हे नबीने त्या उपायातच धरले होते. ज्याच्या घरी आज कुपी रिकामी आहे त्याला परमेश्वर खरे बोलण्याचे धैर्य देवो, आपणांस त्याच्या दाराशी जाण्याची बुद्धी देवो, आणि एलियाहू हन्नाबी आपल्या सर्वांच्या घरी सुवार्ता घेऊन येवो. आमेन.